वांझ ट्राउटचे बीज: हॅचरीत ट्रिप्लॉइडचा उतारा कसा वाढवावा

साखर कारखान्याचा हंगाम उताऱ्यावर जोखतात, नुसत्या गाळपावर नाही. वांझ माशांच्या बीजाचा हिशेबही असाच मांडायला हवा. 'आमचा माल शंभर टक्के ट्रिप्लॉइड' (गुणसूत्रांचे तीन संच असलेला, म्हणून वांझ) असे सांगणाऱ्या हॅचरीत दहा हजार अंड्यांपैकी साडेतीन हजारच जगली असतील, तर त्या शंभर टक्क्यांना फारसा अर्थ नाही. धरा, शेजारच्या हॅचरीत दहा हजारांपैकी सात हजार जगली आणि त्यांतली ९८ टक्के ट्रिप्लॉइड निघाली. म्हणजे ६,८६० वांझ पिल्ले हाती आली, जवळजवळ दुप्पट. उरलेली १४० मात्र सुपीक आहेत. मासा ताटात जाणार असेल तर त्या १४० ने काही बिघडत नाही. नदीत सोडायचा असेल तर तीच १४० सगळ्या खटाटोपावर पाणी फिरवतात. इंग्लंडमध्ये २०१५ पासून नद्यांत सोडायचा ब्राउन ट्राउट वांझ असावा किंवा त्याच पाण्यातल्या प्रजनकांपासून झालेला असावा, असे धोरण आहे. तिथे २ टक्क्यांची गळती चालत नाही. तेव्हा गिऱ्हाईक कोण, हे आधी ठरवा. पुढची प्रत्येक तडजोड त्यावर अवलंबून आहे.

इथे रेनबो ट्राउट धरून सगळी कृती दिली आहे. या माशावर वांझपणाचे काम सर्वांत जास्त झाले आहे, त्याची अंडी मोठी आणि हाताळायला सोपी असतात. आपल्याकडे हिमाचलातले पतलीकुहल, काश्मीरमधले कोकरनाग, उत्तराखंडातले चंपावत अशा थंड पाण्याच्या हॅचऱ्यांत वाढतो तो हाच मासा.

वांझपणा येतो कुठून

मादीच्या पोटातून बाहेर पडलेल्या अंड्याचे विभाजन अर्ध्यावर थांबलेले असते. शुक्रजंतू आत शिरला की ते पुढे सरकते आणि अंडे आपल्या गुणसूत्रांचा एक जादा संच छोट्या गोळीच्या रूपात बाहेर टाकते. ही दुसरी पोलर बॉडी. ती बाहेर पडण्याच्या ऐन वेळी अंड्याला जबरदस्त दाब किंवा उष्णता दिली, तर विभाजन ओढून नेणारे तंतू कोलमडतात आणि संच आतच राहतो. आईचे दोन आणि बापाचा एक, असे तीन संच घेऊन वाढणारा मासा म्हणजे ट्रिप्लॉइड. पुढे जननपेशी तयार होताना तीन संचांची जोडी जुळत नाही, म्हणून प्रजनन खुंटते. बाहेरचा जीन यात घातलेला नसतो.

एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. ट्रिप्लॉइड मादीचा अंडाशय दोऱ्यासारखा बारीक राहतो. नराचे वृषण मात्र बऱ्यापैकी वाढतात. त्याच्या अंगात नराची संप्रेरके खेळतात, रंग काळवंडतो, खालचा जबडा आकड्यासारखा वळतो, मांस फिकट पडते. त्याच्यापासून जगणारी पिल्ले होत नाहीत, पण बाजाराच्या दृष्टीने तो वयात आलेल्या नरासारखाच खराब मासा. म्हणून ट्रिप्लॉइड करायचे तर सगळ्या माद्याच करायच्या. त्याची तयारी अंडी काढण्याच्या दोन-तीन वर्षे आधीपासून लागते.

आधी बाप तयार करा

रेनबो ट्राउटमध्ये मादी एक्सएक्स आणि नर एक्सवाय. एक्सएक्स असलेल्या पिल्लाला लहानपणी नराचे संप्रेरक खाऊ घातले की ते नर म्हणून वाढते, पण त्याच्या मिल्टमध्ये, म्हणजे वीर्यात, फक्त एक्सच असतो. या निओमेलची गाठ साध्या मादीशी घातली की सगळी संतती माद्या.

पिल्लांनी पहिला घास घेतला त्या दिवसापासून सुमारे ६० दिवस, किलोभर खाद्यात ३ मिलिग्रॅम १७ अल्फा मिथिलटेस्टोस्टेरॉन, एवढे प्रमाण पुरते. औषध इथेनॉलमध्ये विरघळवून खाद्यावर फवारायचे, पातळ थरात पसरून दारू उडून जाईपर्यंत वाळवायचे, मग गार जागी हवाबंद ठेवायचे. फवारणाऱ्याने हातमोजे आणि मास्क घातलाच पाहिजे. हे संप्रेरक माणसावरही काम करते. डोस वाढवला तर जास्त नर मिळतील असे वाटते, पण होते उलटे: मासे वांझ निघतात, काही तर मादीकडे झुकतात. उशिरा सुरू केला तर अर्धवट मासे मिळतात, ज्यांच्या एकाच ग्रंथीत अंडीही असतात आणि वृषणही. औषध वापरण्याआधी मत्स्य आणि पशुवैद्यक खात्याची परवानगी कागदावर घ्या. विकायच्या माशाला हे खाद्य कधीच लागत नाही, ते फक्त त्याच्या बापाने खाल्लेले असते. गिऱ्हाइकाला हे नीट समजावून सांगावे, नाहीतर 'हार्मोनवाला मासा' असा शिक्का बसतो.

पहिल्या पिढीत साध्या नर-मादीची पिल्ले घेतली असतील, तर वाढलेल्या नरांत एक्सएक्स कोण आणि एक्सवाय कोण हे बाहेरून कळत नाही. २०१२ मध्ये ट्राउटचा एसडीवाय हा लिंग ठरवणारा जीन सापडला. त्याची पीसीआर तपासणी पराच्या तुकड्यावर होते. जीन दिसला तर मासा एक्सवाय, बाजूला काढा. तपासणीची सोय नसेल तर एक जुनी खूण आहे: बऱ्याच निओमेलांना शुक्रनलिका नसते, पोट दाबले तरी मिल्ट येत नाही. असा नर औषध खाल्लेल्या कळपातला असेल तर तो बहुधा एक्सएक्सच. दुसऱ्या पिढीपासून सर्व-मादी कळपातलीच थोडी पिल्ले औषधावर ठेवायची, मग प्रश्नच उरत नाही. दर वर्षी चार-पाच निओमेलांवर भागवू नका, किमान २५-३० ठेवा; आप्तसंबंधातून येणारी नुकसानी काही पिढ्यांनी दिसते आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

नलिका नसल्यामुळे मिल्ट पोट चोळून मिळत नाही, मासा मारून वृषण काढावे लागतात. पांढरेशुभ्र, भरलेले वृषण घ्या. गुलाबी किंवा काचेसारखे दिसणारे टाकून द्या. वरचे रक्त टिपून घ्या, गाळणीच्या कापडावर कात्रीने तुकडे करा आणि मिल्ट गार डायल्युएंटमध्ये, म्हणजे ते पातळ करायच्या द्रवात, गाळून घ्या. डायल्युएंटसाठी लिटरमध्ये १२५ मिलिमोल मीठ, ३० मिलिमोल ग्लायसिन, २० मिलिमोल ट्रिस आणि पीएच ९. पीएच महत्त्वाचा आहे. वृषणातला शुक्रजंतू अजून पोहायला तयार नसतो. ती तयारी एरवी नलिकेतल्या अल्कधर्मी द्रवात होते. तेच काम हा द्रव तास-दोन तासांत करतो. वापरण्याआधी काचपट्टीवर मिल्टचा बारीक थेंब आणि त्याच्या वीसपट पाणी घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. दहातले सात-आठ शुक्रजंतू सळसळत असतील तरच पुढे जा. पाहायला वेळ कमी असतो, ट्राउटचा शुक्रजंतू पाण्यात जेमतेम अर्धा मिनिट पोहतो.

अंडी: निम्मा उतारा इथेच ठरतो

दाबाच्या यंत्रावर लाखो रुपये घालून अंड्यांच्या पक्वतेकडे दुर्लक्ष करणारे बरेच असतात. ट्राउटची मादी अंडी पोटातल्या पोकळीत सोडते आणि ती तिथेच पडून राहतात. दहा अंशांच्या आसपास पहिले पाच-सहा दिवस ती उत्तम असतात, मग उतरू लागतात. साधे फलन कसेबसे निभावते. पण अशा अंड्याला दाब किंवा उष्णता दिली की ते टिकत नाही. 'शॉकने अंडी मेली' असे म्हणतात, त्यातली कित्येक मादीच्या पोटातच शिळी झालेली असतात. शिवाय फार पिकलेल्या अंड्यांत काही आपोआपच ट्रिप्लॉइड होतात. शॉक न दिलेल्या तुलनेच्या अंड्यांत ट्रिप्लॉइड सापडू लागले, तर माद्या तपासायला उशीर होतोय असे समजा.

हंगामात प्रत्येक मादी दर पाच ते सात दिवसांनी हाताखालून गेलीच पाहिजे. गुंगीसाठी एमएस-२२२ लिटरला १०० मिलिग्रॅम, तेवढाच खाण्याचा सोडा घालून, नाहीतर पाणी आम्लधर्मी होते. आधी दोन दिवस उपाशी ठेवा. पोट मऊ लागले आणि हलक्या हाताने अंडी सुटली तर त्याच दिवशी घ्या. जोर लावावा लागला तर सोडून द्या. अंग पुसून कोरडे करा. पाण्याचा एक थेंब जरी भांड्यात पडला तरी तिथली अंडी फुगायला लागतात आणि घड्याळ त्यांच्यासाठी आधीच सुरू होते. मग बाकीच्यांना योग्य वेळी शॉक बसतो, त्यांना उशिरा. ९८ टक्क्यांवरची दोन टक्के अशी निसटतात.

प्रत्येक मादीची अंडी वेगळ्या वाडग्यात घ्या आणि एकत्र करण्याआधी उजेडात बघा. भोवतालचा द्रव पाण्यासारखा नितळ हवा. गढूळ, दुधासारखा असेल तर अंडी फुटली आहेत. त्यांतली प्रथिने पाणी लागताच साकळतात आणि चांगल्या अंड्यांची शुक्रजंतू आत जाण्याची छिद्रे बुजवतात. अशी अंडी ०.९ टक्के मिठाच्या गार पाण्याने दोनदा धुऊन घेता येतात. पांढरी अंडी जास्त दिसली तर त्या मादीचा मोह सोडा. एका खराब मादीची अंडी चार चांगल्या माद्यांच्या अंड्यांत मिसळली की घाणाच बिघडतो, आणि दोष कोणाचा हे नंतर कधीच सापडत नाही.

दाबाचा घाणा

सध्याची सर्वांत भरवशाची रीत दाबाची: ९,५०० पीएसआय, म्हणजे ६५५ बार, पाच मिनिटे. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत चौरस सेंटिमीटरला साधारण ६६८ किलो. शॉक कधी द्यायचा हे मिनिटांत नव्हे, अंश-मिनिटांत मोजतात, कारण अंड्याची वाढ पाण्याच्या तापमानावर चालते. फलनानंतर ३०० अंश-मिनिटे हा सुरुवातीचा आकडा धरा. पाणी १० अंश असेल तर ३० मिनिटे, ८ अंश असेल तर साडेसदतीस, १२ अंश असेल तर पंचवीस. आपल्या वाणाला नेमके काय मानवते ते बघायला पहिल्या हंगामात एकाच अंड्यांचे चार भाग करून २५०, ३००, ३५० आणि ४०० वर चालवा. दुसऱ्याच्या हॅचरीतला आकडा उसना घेऊन वर्षानुवर्षे चालवणे ही नेहमीची चूक आहे.

पात्र स्टेनलेस स्टीलचे, जाड भिंतीचे, वर पिस्टन किंवा आट्यांचे झाकण, एक हवा सोडण्याची झडप, एक दाब सोडण्याची झडप आणि सुरक्षा झडप. परीक्षण केलेले पात्रच घ्या. गावातल्या लेथवर पाइप कापून बनवलेले हे काम नव्हे. कुठून पाणी झिरपते हे हाताने चाचपू नका. ६५५ बारवर सुईएवढ्या छिद्रातून निघणारी धार कातडीत घुसते आणि जखम दिसते त्याहून फार खोल असते. ओ-रिंग प्रत्येक सकाळी काढून, पुसून, बोटाने फिरवून बघा. दाबाचा गेज वर्षातून एकदा तपासून घ्या, कारण गेज पाच टक्के जास्त दाखवत असेल तर तुम्ही ९,००० वर चालवत आहात आणि ट्रिप्लॉइडचे प्रमाण का घसरले याचा शोध भलतीकडेच घेत बसाल.

आता पाणी १० अंश आहे असे धरून एक घाणा घड्याळावर लावू. सकाळी १० वाजता एक लिटर अंडी, म्हणजे सुमारे दहा हजार, किमान तीन निओमेलांच्या एकत्र केलेल्या मिल्टमध्ये हलक्या हाताने ढवळून पाणी घाला. मिल्ट लावल्याची नव्हे, पाणी घातल्याची वेळ म्हणजे शून्य मिनिट. ती एका माणसाने मोठ्याने म्हणायची आणि दुसऱ्याने फळ्यावर लिहायची. दोन मिनिटांनी जादा मिल्ट धुऊन काढा आणि अंडी १० अंशांच्या पाण्यात फुगायला ठेवा. त्यातली ३००-४०० अंडी इथेच बाजूला काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा. ही तुलनेची अंडी, त्यांना शॉक नाही. ती ठेवायचा कंटाळा केला तर पुढचे सगळे निदान अंदाजपंचे होते.

१० वाजून २४ मिनिटांनी अंडी पात्रात ओता. पात्रातले पाणीही १० अंशच हवे. पात्राचे स्टील खोलीच्या उबेने तापलेले असते, म्हणून ते आधी अर्धा तास वाहत्या हॅचरीच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. काठोकाठ पाणी भरा, झाकण तिरके करून आत सरकवा म्हणजे बुडबुडे निसटतील, हवेची झडप उघडी ठेवून नुसती पाण्याची धार येईपर्यंत पंप मारा आणि मग झडप बंद करा. अडकलेली हवा ओळखायची एक सोपी खूण आहे. ६५५ बारवर पाणी जेमतेम ३ टक्के दबते. तीन लिटरच्या पात्रात पंपाने नव्वदेक मिलिलिटर पाणी आत ढकलले की दाब यायलाच हवा. एरवी तीस झटक्यांत येणारा दाब आज पन्नास झटक्यांनीही येत नसेल, तर आत हवा आहे किंवा कुठेतरी गळते आहे. वेळ असेल तर दाब सोडून पुन्हा भरा.

१० वाजून २९ मिनिटांनी दाब चढवायला सुरुवात, ३० व्या मिनिटाला पूर्ण दाब. आता पाच मिनिटे गेजवरची नजर हलवू नका. काटा १०० पीएसआयने जरी खाली आला तरी पंपाचा अर्धा झटका द्या. १० वाजून ३५ मिनिटांनी झडप उघडा. दाब पंधरा-वीस सेकंदांत शून्यावर यावा, पण फाडकन नव्हे. अंडी लगेच १० अंशांच्या वाहत्या पाण्यात जातात.

यापुढचा प्रकार बारीक आहे, पण नदीत सोडायचा माल करणाऱ्याने लक्ष द्यावे. झाकणाच्या खोबणीत, जाळीच्या कडेला, ओतायच्या जगच्या कानाशी दोन-चार अंडी चिकटून राहतात. त्यांना दाब नीट बसलेला नसतो, किंवा ती आधीच्या घाण्यातली असतात. ती ट्रेमध्ये झटकू नका, फेकून द्या. शॉक दिलेल्या आणि न दिलेल्या अंड्यांची भांडी वेगळ्या रंगाची ठेवा. तुलनेच्या ट्रेमधले पाणी शॉकच्या ट्रेमध्ये वाहून येणार नाही अशी मांडणी करा. शंभर टक्क्यांवरून ९९.५ वर आणणारी चूक बहुतेक वेळा जीवशास्त्राची नसते, जग आणि गाळणीची असते.

पात्र भरणे, दाब, रिकामे करणे धरून एक फेरी पंधरा मिनिटांची होते. त्यामुळे दुसऱ्या घाण्याला पाणी १० वाजून १५ मिनिटांनी, तिसऱ्याला साडेदहाला. सगळी अंडी एकदम फलित करून मग रांगेत ठेवणे हा हौशी प्रकार. शेवटच्या घाण्याची वेळ तोवर टळून गेलेली असते.

पात्र नसेल तर उष्णता

लहान हॅचरीला दाबाचे पात्र परवडत नाही. गरम पाण्याने काम होते, फक्त उतारा थोडा कमी आणि बेभरवशाचा. दोन कृती रूढ आहेत: फलनानंतर २० मिनिटांनी २६ ते २६.५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटे, किंवा १० मिनिटांनी २८ अंशांत १० मिनिटे. पहिली जास्त सोशीक. अर्धा अंश इकडेतिकडे झाला तरी चालते. दुसरीत अर्ध्या अंशाला अंडी मरतात.

फसगत होते ती पाण्याच्या मापात. दहा अंशांवरची एक लिटर अंडी २८ अंशांच्या २० लिटर पाण्यात घातली की पाणी २७.१ वर येते. पन्नास लिटर घेतले तर २७.६ वर राहते. म्हणून टाकी मोठी, थर्मोस्टॅट ०.१ अंशाच्या अचूकतेचा आणि पाणी पंपाने सतत फिरते हवे. अंडी जाळीच्या चौकटीत एकावर एक दोनच थरांत पसरा. ढीग केला तर मधली अंडी पहिली दोन-तीन मिनिटे गारच राहतात, आणि डिप्लॉइड, म्हणजे दोनच संचांचे साधे सुपीक मासे, तिथूनच निघतात. पाऱ्याचा तपासलेला थर्मामीटर अंड्यांच्या मधोमध ठेवा, टाकीच्या कोपऱ्यात नव्हे.

ट्रेमधले दिवस

तासाभराने अंडी फुगून घट्ट झाली की आयोडोफोरने धुवायची: १०० पीपीएम आयोडीन, १० मिनिटे. हिमालयातले पाणी बऱ्याच ठिकाणी मृदू असते, त्यात आयोडोफोर आम्लधर्मी होतो; खाण्याचा सोडा घालून पीएच सातवर आणा. त्यानंतर डोळ्यावर येईपर्यंत, म्हणजे अंड्यातून पिल्लाचे काळे डोळे दिसेपर्यंत, ट्रे हलवायचे नाहीत. दहा अंशांवर याला १६ ते १८ दिवस लागतात, पिल्ले सुमारे महिन्याने फुटतात. पाणी दहाच्या वर जाऊ देऊ नका. ट्रिप्लॉइड गर्भ उबेला डिप्लॉइडपेक्षा लवकर दाद देतो आणि मणक्याचे व जबड्याचे दोष वाढतात. अटलांटिक सॅल्मनची ट्रिप्लॉइड अंडी याच कारणाने ८ अंशांच्या वर उबवत नाहीत.

बुरशीला एक दिवसाआड फॉर्मेलिन, १,६६७ पीपीएम, १५ मिनिटे. पिल्ले फुटायच्या आधी हे थांबवा.

आठव्या दिवशी दोन्ही ट्रेमधून तीस-तीस अंडी काढून अॅसिटिक आम्ल आणि फॉर्मेलिनच्या द्रावात टाका. कवच पारदर्शक होते आणि फलित अंड्यात पांढरी रेघ दिसते. या एका तपासणीने दोष कुठे हे कळते. दोन्हीकडे रेघा कमी, तर मिल्ट किंवा अंडी खराब. तुलनेत २७ आणि शॉकमध्ये १५, तर शॉक कडक झाला. दोन्हीकडे २६-२७ आणि तरी पुढे डोळ्यावर येताना शॉकचा ट्रे पांढरा पडू लागला, तर बहुधा अंडी शिळी होती.

डोळ्यावर आली की अंडी हातभर उंचीवरून पाण्याच्या बादलीत सोडा. फलित न झालेली दुसऱ्या दिवशी पांढरी पडतात, ती वेचा आणि मग मोजा. ट्रिप्लॉइडचे टक्के याच आकड्याला लावायचे.

तपासणी

पेशीतला डीएनए मोजणारा फ्लो सायटोमीटर जवळच्या विद्यापीठात मिळाला तर उत्तम: रक्ताचा थेंब किंवा पराचा तुकडा, डीएनएला चिकटणारा रंग आणि तुलनेला एक नक्की डिप्लॉइड मासा. ट्रिप्लॉइडचे शिखर दीडपटीवर येते. नसेल तर रक्ताची काचपट्टी. ट्रिप्लॉइडच्या लाल पेशी आणि त्यांची केंद्रके मोठी, अंडाकृती लांबट असतात; आकारमान सुमारे दीडपट, पण लांबीत हा फरक थोडाच दिसतो. म्हणून एका पेशीवरून निकाल देऊ नका. गीम्सा रंग द्या, प्रत्येक माशाच्या वीस-तीस केंद्रकांची लांबी मोजून सरासरी काढा. त्याआधी दहा डिप्लॉइड माशांची सरासरी आपल्याच सूक्ष्मदर्शकावर काढून ठेवा.

किती मासे तपासायचे? ६० तपासले आणि एकही डिप्लॉइड सापडला नाही, तर खरे प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असू शकते असेच म्हणता येते. ३०० तपासून शून्य आले तर १ टक्क्यापर्यंत. नियम सोपा: ३ ला तपासलेल्या माशांनी भागा. वीस मासे तपासून 'शंभर टक्के' लिहून देणारे प्रमाणपत्र नदीत सोडायच्या मालाला चालत नाही. अमेरिकेत ट्रिप्लॉइड ग्रास कार्प विकणारे उत्पादक तर एकेका माशाचे रक्त यंत्रावर तपासतात, कारण एक सुपीक जोडी निसटली तरी तळ्यातली वनस्पती आणि शेजारची नदी दोन्ही धोक्यात येतात.

नमुना प्रत्येक घाण्याचा वेगळा घ्या. चार घाणे एकत्र करून ९६ टक्के आले, तर चारही थोडे चुकले की एकच पूर्ण फसला हे कळत नाही. एका घाण्यात ८५ आणि बाकीच्यांत शंभर असेल तर त्या घाण्याची वेळ, गेजची नोंद आणि मादीचा क्रमांक बघा. सगळीकडेच ९५ च्या आसपास असेल तर गेज किंवा अंश-मिनिटांचा आकडा. शंभर टक्के पण जगणूक निम्मी, तर आधी अंड्यांचे वय बघा. दाब किंवा वेळ कमी करणे हा दुसरा उपाय.

वाढवताना

ट्रिप्लॉइड पिल्लू डिप्लॉइडपेक्षा वेगाने वाढते ही समजूत चुकीची आहे. वयात येईपर्यंत ते बरोबरीने किंवा किंचित मागेच चालते. फायदा पुढे दिसतो, जेव्हा साधी मादी आपल्या वजनाच्या पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत माल अंडाशयात घालते आणि तिचे मांस फिकट, पाणचट होते. वांझ मादीचे सगळे वजन अंगावर चढते. त्यामुळे पाव किलोच्या ताटातल्या माशासाठी हा खर्च निघत नाही. किलो-दोन किलोचा मासा काढणाऱ्यालाच तो परवडतो.

ट्रिप्लॉइड आणि डिप्लॉइड एका टाकीत वाढवू नका. ट्रिप्लॉइड खाण्याच्या झटापटीत मागे पडतो. मोठ्या पण कमी संख्येच्या लाल पेशींमुळे तो उन्हाळ्यातले गरम, प्राणवायू कमी असलेले पाणी कमी सोसतो. प्राणवायू लिटरला ७ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका, आणि प्रतवारी किंवा वाहतूक पहाटे, गार पाण्यातच उरका. सॅल्मनमध्ये ट्रिप्लॉइडला फॉस्फरस आणि हिस्टिडिन जास्त लागते हे सिद्ध झाले आहे. कमी पडले तर मणके बिघडतात आणि डोळ्यांत मोतीबिंदू होतो. ट्राउटच्या पिल्लांतही वाकडे मणके दिसू लागले तर आधी पाण्याचे तापमान, मग खाद्यातला फॉस्फरस तपासा.

नॉर्वेत २०१६ मध्ये डीएनडी हा जीन बंद करून जननपेशीच नसलेले सॅल्मन तयार केले. गुणसूत्रांचे संच दोनच राहत असल्याने ट्रिप्लॉइडची ही दुखणी त्यांत येणार नाहीत अशी अपेक्षा आहे. पण ते जनुक-संपादन, त्याचे कायदे वेगळे. रोजच्या हॅचरीत अजून दाबाचे पात्रच चालते.

चिलापीला हे लावता येईल का

उजनीच्या काठावर चिलापी म्हणतात त्या तिलापियाबद्दल महाराष्ट्रात हा प्रश्न हमखास निघतो, कारण तो काही महिन्यांतच वयात येतो आणि तळे बारक्या माशांनी भरून टाकतो. कृती माहीत आहे: नाईल तिलापियाच्या अंड्यांना फलनानंतर पाच मिनिटांनी ४१ अंशांच्या पाण्यात साडेतीन-चार मिनिटे. अडचण अंड्यांची. ट्राउटची मादी किलोमागे दीड-दोन हजार अंडी एकदम देते. तिलापियाची मादी एका वेळी काहीशे ते हजारभर अंडी देऊन ती तोंडात धरून ठेवते. लाखभर बीजासाठी शेकडो माद्या एकेक करून, नेमक्या वेळी चोळाव्या लागतील. त्यामुळे व्यवहारात सर्व-नर बीजच चालते, पहिले २१ ते २८ दिवस किलोभर खाद्यात ६० मिलिग्रॅम तेच नराचे संप्रेरक, मिथिलटेस्टोस्टेरॉन, घालून केलेले. मात्र ते बीज घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की सर्व-नर म्हणजे वांझ नव्हे. पिंजरा फाटून धरणात गेलेल्या नराला तिथे आधीच असलेल्या माद्या पुरेशा असतात.